दारावरचं नाव आणि आतली पाटी

बीड जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि नेमका तेव्हाच घरातला फ्रीज दगा देतो. यात योगायोग नाही. उन्हाळ्यात काँप्रेसरला उसंत मिळत नाही, दार सारखं उघडतं, संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं, आणि वर्षभर कसाबसा तग धरून असलेला एखादा भाग मान टाकतो. सोलापूर-धुळे महामार्गावरचं चौसाळा हे आसपासच्या खेड्यांचं खरेदीचं गाव. इथं मेकॅनिक मिळतो, पण सुटे भाग सगळेच मिळतील असं नाही. ते बीडहून मागवायचे, तिथं नसले तर छत्रपती संभाजीनगरहून किंवा सोलापूरहून. फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "मॉडेल नंबर सांगा." इकडून उत्तर जातं, "व्हिडिओकॉन. लाल रंगाचा. एका दाराचा."

एवढ्यावर दुकानदारानं काय पाठवावं? तो अंदाजानं काहीतरी पाठवतो. ते बसत नाही, परत जातं, दुसरं येतं. जाण्यायेण्याचा खर्च त्या भागाच्या किमतीच्या वर जातो. शेवटी घरातलं कोणीतरी कंटाळून म्हणतं, "द्या भंगारात आणि हप्त्यानं नवा आणा." दोन-तीनशे रुपयांच्या थर्मोस्टॅटपायी चांगला धडधाकट फ्रीज असा घराबाहेर जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. यातले पुष्कळ फ्रीज वाचू शकतात. त्यासाठी ते उघडून दुरुस्त करता यायलाच हवेत असं नाही. त्यांची ओळख पटवता आली आणि नीट माप घेता आलं, तरी निम्मं काम होतं.

ओळख पटवताना पहिला अडसर असतो तो दारावरच्या नावाचाच. भारतात पहिला फ्रीज तयार केला गोदरेजनं, १९५८ साली, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या सहकार्यानं. पुढे बरीच वर्षं गोदरेज, केल्विनेटर, हैदराबादचं ऑल्विन अशी मोजकीच नावं घरोघरी होती. यातल्या केल्विनेटरची कथा इथं सांगायलाच हवी. केल्विनेटर ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना हरियाणात फरीदाबादला होता. १९९५ मध्ये ती कंपनी व्हर्लपूलकडे गेली. नावाचा हक्क मात्र स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सकडे होता, त्यामुळे थोड्याच काळात इलेक्ट्रोलक्सचे केल्विनेटर बाजारात आले. २००५ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा भारतातला व्यवसाय व्हिडिओकॉननं घेतला आणि नाव पुन्हा फिरलं. त्यानंतर ते रिलायन्स रिटेलकडे आलं, आणि २०२५ मध्ये रिलायन्सनं ते विकतच घेतलं. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांत 'केल्विनेटर' असले, तरी ते वेगळ्या कंपन्यांनी, वेगळ्या साच्यांतून काढलेले असू शकतात. एकाचं दाराचं रबर दुसऱ्याला लागेल याची काहीच खात्री नाही.

व्हिडिओकॉनची गोष्ट तर मराठवाड्याच्या घरचीच. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला तिचा मोठा कारखाना होता. आपल्या भागातली कंपनी म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी तिचा टीव्ही आणि फ्रीज आपुलकीनं घेतला. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी थांबली तरी घरातला फ्रीज थांबत नाही. एका दाराचा साधा फ्रीज पंधरा-वीस वर्षं सहज चालतो. तेव्हा आज ज्यांच्याकडे असा फ्रीज आहे, त्यांना कंपनीच्या सेवा केंद्राचा आधार उरलेला नाही. त्यांचा आधार दोनच गोष्टींचा, फ्रीजवरची मॉडेल नंबराची पाटी आणि हातातला टेप.

ही पाटी प्रत्येक फ्रीजवर असते. फक्त ती दर्शनी जागी नसते. दार उघडून भाजीचा ट्रे बाहेर काढा आणि आतल्या बाजूच्या भिंतीवर पाहा. पुष्कळ कंपन्या ती तिथंच लावतात. तिथं नसली तर फ्रीज पुढे ओढून पाठीमागे काँप्रेसरच्या वर शोधा. काँप्रेसरवर त्याची स्वतःची वेगळी पाटी असते, ती वाचून फ्रीजचा मॉडेल नंबर म्हणून सांगू नका. काँप्रेसर बनवणारी कंपनी बहुधा निराळी असते. अक्षरं पुसट झाली असतील तर समोरून फोटो काढून उपयोग होत नाही. मोबाइलची बॅटरी पाटीच्या कडेला टेकवून तिरका उजेड पाडा, दाबून उमटवलेले आकडे लगेच उठून दिसतात. ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसायला हरकत नाही. रॉकेल किंवा थिनर मात्र लावू नका, त्यानं उरलीसुरली शाईही जाते.

पाटीवर पहिल्यांदा लागतो तो मॉडेल नंबर. तो अक्षरन् अक्षर उतरवून घ्या, मधल्या रेषा आणि शेवटची एक-दोन अक्षरंसुद्धा. ही शेवटची अक्षरं कधी नुसता रंग सांगतात, कधी त्याच मॉडेलची सुधारलेली आवृत्ती, आणि आवृत्ती बदलली की ट्रे किंवा हँडल बदललेलं असू शकतं. खाली सिरीयल नंबर असतो. त्यात बनावटीची तारीख दडलेली असते, पण ती लिहायची प्रत्येक कंपनीची रीत न्यारी. एलजीच्या सिरीयल नंबरात पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे दोन महिन्याचे. ८०४ नं सुरू होणारा फ्रीज एप्रिल महिन्यातला, पण २००८ चा की २०१८ चा, हे नंबर सांगत नाही. ते ठरवायला पाटीवरचा गॅस बघायचा.

गॅसच्या नावावरून फ्रीजचं वय बऱ्यापैकी कळतं. आर-१२ लिहिलं असेल तर फ्रीज फार जुना. वातावरणातल्या ओझोनच्या थराला हा गॅस घातक ठरला. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर टप्प्याटप्प्यानं बंद होत गेला आणि भारतात त्याचं उत्पादन २००८ मध्ये थांबलं. त्याच्या जागी आर-१३४ए आला. अलीकडच्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेतो, म्हणून काँप्रेसरजवळ ज्वाळेचं चित्र असलेला पिवळा त्रिकोण चिकटवलेला दिसतो. गॅसच्या नावापुढे त्याचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. हा आकडा मेकॅनिकला आवर्जून दाखवा. आयसोब्युटेन फार थोडा लागतो, बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये पन्नास ग्रॅमच्या आगेमागे. तो काट्यावर मोजून भरावा लागतो. नुसत्या अंदाजानं भरला तर फ्रीज एक तर थंड करत नाही, नाही तर काँप्रेसरवर ताण येतो.

पाटीवर आणखी एक बारीक खूण असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. 'क्लायमेट क्लास' या शब्दांपुढे इंग्रजी एन, एसटी किंवा टी असं अक्षर असतं. भोवतालचं तापमान किती असेपर्यंत फ्रीज नीट काम करेल, हे ते अक्षर सांगतं. एन म्हणजे १६ ते ३२ अंश सेल्सियस, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. पत्र्याच्या खोलीत चुलीशेजारी ठेवलेला फ्रीज मे महिन्याच्या दुपारी टी वर्गाची हद्दही ओलांडतो. अशा वेळी फ्रीज बिघडला असं वाटतं, आणि खरं तर कुठलाच भाग बदलायची गरज नसते. मागची जाळी झाडून, भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, भर दुपारी दार कमी उघडून दोन दिवस बघावं आणि मगच सुटे भाग शोधायला लागावं.

दारावर ताऱ्यांचं लेबल शाबूत असेल तर त्याचाही फोटो घ्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ही योजना २००६ पासूनची. लेबलवर मॉडेल, क्षमता, वर्षाला लागणारी वीज आणि ते लेबल कोणत्या काळासाठी लागू आहे, हे सगळं येतं. बरीच घरं ते कुरूप दिसतं म्हणून खरवडून टाकतात. तसं करू नये.

आता पाटीच गेली असेल तर काय करायचं? फ्रीज मोजायचा.

बाहेरून रुंदी, खोली आणि उंची घ्या. खोली मोजताना हँडल धरून आणि हँडल सोडून असे दोन आकडे लिहा. मग आत या. समजा आतली रुंदी ४३ सेंटीमीटर, खोली ४२ आणि उंची ९५ भरली. तिन्हींचा गुणाकार १,७१,५७० घनसेंटीमीटर होतो. एक लिटर म्हणजे हजार घनसेंटीमीटर, म्हणून हे १७१ लिटरच्या थोडं वर. पण तळाशी पाठीमागून काँप्रेसरसाठी एक पायरी आत आलेली असते, तिचं माप वजा करायचं. ती ४३ रुंद, १८ खोल आणि १५ उंच असेल तर साडेअकरा लिटर गेले. उरले १६० लिटर. दाराच्या आतला थोडा खोलगट भाग धरला की आपण १६५ लिटरच्या घरात येतो, आणि एका दाराच्या फ्रीजचं भारतातलं सर्वांत रुळलेलं जुनं माप तेच आहे. कंपनी सांगते ती एकूण क्षमता आणि वस्तू ठेवायला मिळते ती जागा यांत काही लिटरांचा फरक पडतोच, तेव्हा पाच-सात लिटरांच्या चुकीनं बिचकायचं कारण नाही. दुकानदाराला '१६५ लिटर, एक दार, हातानं बर्फ वितळवायचा' एवढं ठामपणे सांगता आलं तरी त्याच्यापुढचे पर्याय मूठभरच उरतात.

हातानं बर्फ वितळवायचा की आपोआप वितळणारा, हा भेद फार महत्त्वाचा. पहिल्यात वरच्या बर्फाच्या डब्याभोवती बर्फ साचतो आणि थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबून तो घालवावा लागतो. दुसऱ्यात, म्हणजे फ्रॉस्ट फ्रीमध्ये, फ्रीझरच्या मागे पंखा, बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा टायमर आणि तापमान ओळखणारा बायमेटल असा निराळाच संसार असतो. वरचं गोठतं पण खालचं दूध नासतं, ही तक्रार असेल तर दोष बहुधा या संसारात. तिथं गॅस भरून पैसे घालवू नयेत.

सर्वांत जास्त बदलावा लागतो तो भाग म्हणजे दाराचं रबर, ज्याला बाजारात गॅस्केट म्हणतात. चौसाळ्याच्या आसपासच्या गावांत त्याचा एक खास शत्रू आहे. दसऱ्यानंतर उसतोडीला निघालेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तोवर फ्रीज बंद आणि दारही बंद. आत राहिलेल्या ओलाव्यानं बुरशी धरते, रबर चौकटीला चिकटतं, परत आल्यावर दार ओढलं की फाटतं. जाताना आतून कोरडं पुसायचं, दाराच्या फटीत लाकडाची चीप किंवा फडक्याची गुंडाळी ठेवायची आणि दार चार बोटं उघडं राहील असं बांधून ठेवायचं. मागच्या बाजूला काँप्रेसरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तिथं जाळीचा तुकडा लावला तर उत्तम.

रबर खरंच गेलं आहे का, हे दहाच्या नोटेनं कळतं. नोट दारात अर्धी अडकवून दार लावा आणि ओढा. किंचित जोर लागला पाहिजे. चारी बाजूंनी, विशेषतः बिजागरीच्या बाजूनं आणि खालच्या कोपऱ्यांत बघा. नोट सळकन निघाली तर त्या जागी फट आहे. फट एकाच कोपऱ्यात असेल तर रबर न काढता तिथं केस वाळवायच्या यंत्राची सौम्य गरम हवा द्या, नाही तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं दाबून धरा आणि बोटानं बाहेर ओढून बसवा. वाकलेलं रबर बरेचदा यानंच सरळ होतं.

नवं घ्यायचं ठरलं तर मोजायच्या आधी एक कोपरा सोडवून बघा. जुन्या फ्रीजमध्ये रबर आतल्या पॅनेलखाली स्क्रूनं आवळलेलं असतं, नव्यांत ते दाराच्या खाचेत नुसतं दाबून बसवलेलं असतं. हा फरक दुकानदाराला सांगितलाच पाहिजे. मग दार लावलेलं असताना नव्हे, दार उघडून, रबराच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी आणि उंची घ्या. खाचेचं असेल तर एका खाचेच्या मध्यापासून समोरच्या खाचेच्या मध्यापर्यंतही घ्या आणि कागदावर 'बाहेरून' आणि 'खाचेतून' असं स्पष्ट लिहा. दोन्ही मापांत काही सेंटीमीटरचा फरक असतो आणि चुकीची मागणी जाते ती हमखास इथंच. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा, कारण जुनं रबर लोंबलेलं असतं. सुतारकामात सुतात माप चालतं, इथं मिलिमीटरच धरावा. मोठ्या गावात रबर मापाप्रमाणे बनवून देणारे कारागीर असतात. ते लांब पट्टी ४५ अंशांत कापून कोपरे उष्णतेनं जोडतात. त्यांना नुसतं माप पुरत नाही, पट्टीचा आडवा छेद लागतो. जुन्या रबराचा दोन बोटं तुकडा कापून, तो मोजपट्टीशेजारी ठेवून त्याच्या कापलेल्या टोकाचा फोटो पाठवा. आत किती कप्पे आहेत आणि चुंबकाची पट्टी कुठल्या कप्प्यात आहे, हे त्यात दिसतं. तुकडा कापायचा तो मात्र माप लिहून झाल्यावर.

नवं रबर पार्सलमध्ये घडी होऊन येतं आणि उघडल्यावर साप वळवळल्यासारखं वेडंवाकडं दिसतं. घाबरून परत करू नका. हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा, पुसा आणि आधी चारी कोपरे बसवून मग मधला भाग दाबत या.

थर्मोस्टॅटची ओळख त्याच्याच अंगावर असते. गोल खुंटी ओढून काढली, स्क्रू सोडवले की धातूची छोटी डबी हाती येते. तिच्यावर कोरलेला नंबर हाच खरा पत्ता, फ्रीजच्या मॉडेलपेक्षाही जास्त उपयोगाचा. तोच थर्मोस्टॅट चार कंपन्यांच्या फ्रीजमध्ये बसवलेला असतो. नंबर वाचता आला नाही तर तीन गोष्टी लिहा. मधलं बटण आहे की नाही, वायरी जोडायचे टोक किती, आणि डबीतून निघणाऱ्या बारीक नळीची लांबी. ही नळी केसासारखी बारीक असते, तिच्यात वायू भरलेला असतो. तिला घडी पडली की थर्मोस्टॅट संपला. मोजताना ती सरळ करायला जाऊ नका. तिच्या वळणावळणानं दोरा लावा आणि दोरा मोजा.

काँप्रेसर सुरू होताना दर काही मिनिटांनी 'टक' असा आवाज येऊन बंद पडत असेल तर लगेच काँप्रेसर गेला असं मानू नका. व्होल्टेज कमी असलं तरी हेच होतं, आणि काँप्रेसरच्या कडेला बसवलेला रिले किंवा ओव्हरलोड खराब झाला तरीही हेच होतं. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत. पिन काढून ठेवलेली असताना मेकॅनिक मल्टिमीटरनं काँप्रेसरच्या तीन टोकांमधला रोध मोजतो. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी आली आणि कुठलंही टोक काँप्रेसरच्या बॉडीशी जोडलेलं दाखवत नसेल, तर आतल्या वाइंडिंगा शाबूत आहेत. ही तपासणी आपल्यासमोर करायला सांगा. काँप्रेसर बदलायचाच झाला तर नवा त्याच गॅससाठी बनवलेला हवा, कारण आतलं तेल गॅसप्रमाणे बदलतं. सोबत ड्रायर फिल्टरही नवाच लावून घ्या. आयसोब्युटेनच्या फ्रीजवर बंद खोलीत बत्ती पेटवून झाळणं करू देऊ नका. फ्रीज ओसरीत किंवा अंगणात आणा, गॅस उघड्यावर सुटून जाऊ द्या आणि मगच बत्ती पेटू द्या.

दाराचे रॅक, भाजीचा ट्रे, बर्फाच्या डब्याचं झाकण यांना मात्र मॉडेल नंबरशिवाय गत्यंतर नाही. साचा बंद झाला की नवा ट्रे येत नाही. त्या मॉडेलचा बंद पडलेला फ्रीज भंगारवाल्याकडे शोधणं हाच सरळ मार्ग. काचेचा कप्पा फुटला तर साधी काच कापून बसवू नये, ती फुटली की सुऱ्या होतात. टफन्ड काच घ्यावी, आणि ती एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून माप आधीच पक्कं हवं. मूळ मापापेक्षा दोन मिलिमीटर कमी सांगा.

कंपनी चालू असेल तर आधी तिच्याकडेच विचारावं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सेवा केंद्रं, दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती एका जागी द्यावी, हा त्यामागचा हेतू. सेवा केंद्र दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तिथं मराठीतूनही बोलता येतं. तक्रार नोंदवताना पुन्हा मॉडेल आणि सिरीयल नंबरच विचारतात.

दुकानदाराला फोन करण्यापेक्षा मोबाइलवर संदेश पाठवलेला बरा. त्यात पाटीचा फोटो, काढलेल्या भागाचा दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि कागदावर लिहिलेली मापं असावीत. वायरी काढायच्या आधी कोणता रंग कुठल्या टोकाला, याचाही एक फोटो स्वतःसाठी ठेवा. नवा भाग बसवून फ्रीज रात्रभर नीट चालला, काँप्रेसर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, हे डोळ्यांनी बघेपर्यंत जुना भाग टाकून देऊ नका. नवा बदलून घ्यावा लागला, तर काउंटरवर ठेवायला तोच लागतो.